ओव्हनमधले सिनेमे

“ज्या घरात सिनेमांचा संग्रह नाही ते घर नव्हे, धर्मशाळा!”

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात, टॉर्टियाच्या म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या दुकानापुढे, रांगेत डोन्या रेमेदियोसच्या पुढेच उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने हे जाहीर केलं.

“आणि तुझा संग्रह ओव्हनमध्ये,” त्याची बायको म्हणाली.

“कपाट भरलं, पलंगाखाली जागा नाही. नव्या डिस्क काय डोक्यावर घेऊन फिरू?”

“म्हणून माझी भांडी हाकललीस? ती अजून माझ्या उशाशी आहेत.”

“म्हातारे, तीस वर्षांत एकदा तरी पेटवलास तो ओव्हन?”

“कसा पेटवणार? भांडी होती ना त्यात!”

“म्हणजे कपाटच की ते.”

“बरं तर. रविवारी माझी बहीण त्या कपाटात डुकराची तंगडी भाजायला येतेय. मसाला लावूनच आणणार आहे.”

“बिघडलाय म्हणून सांग.”

“आपल्या लग्नात तिनेच दिलाय तो. स्वतः उघडून बघेल.”

“अगं, माझे सिनेमे वितळतील!”

“वितळू देत. निम्मे तू घोरतच पाहिलेस.”

“म्हणून तर जपतोय! त्यांचे शेवट बघायचे राहिलेत.”

डोन्या रेमेदियोसने काही ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने टॉर्टिया गुंडाळायला आणलेल्या फडक्याची पुन्हा घडी घातली. तेवढ्यात म्हातारा मागे वळला.

“बाई, रविवारपुरता तुमच्या ओव्हनमध्ये सिनेमांना आसरा मिळेल का हो?”

“कसा मिळणार? त्यात माझी भांडी आहेत.”

आता म्हातारीही वळली.

“थोडी सरकवून माझं एक पातेलं मावेल का?”