अर्धं डोकं वैदूचं, अर्धं तेलवाल्याचं

लढाईच्या वर्षांत मुरबाडच्या बाजारात केस उगवायचं तेल विकणारा एक तेलवाला पत्र्याचा डबा बडवायचा. तो टणटणाट आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पंचविशीतच टक्कल पडत होतं. टोपीखाली ते झाकलेलं होतं आणि टोकावड्याच्या मुलीशी लग्न ठरत आलं होतं. कोणतं औषध खरं ते कळावं म्हणून दादाने डोक्याला डावीकडे वैदूचा बिब्बा लावला, उजवीकडे हे तेल. आठ दिवसांत दोन्हीकडे फोड आले, होते ते केसही गेले.

मी दादाला ओढतच बाजारात नेलं. वैदू आणि तेलवाला जवळजवळच बसले होते.

"माजं तेल चांगलं हाय. त्याचा बिब्बा ओघळला," तेलवाला म्हणाला.

"त्याच्या तेलानंच माजा बिब्बा उतला," वैदू म्हणाला.

"अरे, आधी डोकं तरी बघा रे, चोरांनो!" मी ओरडलो आणि दादाची टोपी खेचली.

"टोपी दे रे. लोकं बघतात," दादा हळूच म्हणाला.

मुलीचा बाप मीठ घ्यायला आला होता, आमच्या मागेच उभा होता. त्याने दादाचं डोकं पाहिलं, माझ्या हातातली टोपी पाहिली आणि मीठ न घेताच निघून गेला.