राजीनामा मंजूर करायचा नसतो

"हॅलो? … हॅलो… हो, हो, येऊन राह्यला आवाज. बोल, बाई."

रविवार होता, म्हणजे फोन रंजीताचा होता. गुणवंतरावांना रविवारी दुसऱ्या कोणाचा फोन येत नसे. इतर वारी येत ते नवं रिचार्ज घ्या म्हणणाऱ्या मुलींचे, आणि त्यांच्याशीही गुणवंतराव गरजेपेक्षा जास्तच बोलत. चामोर्शीत दुपारची जेवणं आटोपून गाव आडवं झालं होतं. तिकडे नॉर्वेत लेकीची सकाळ होती. कडुलिंबाखाली खुर्ची टाकली की रेंज सापडे, म्हणून गुणवंतराव तिथे बसले होते. बाकीच्या खुर्च्या एकात एक घालून पडवीत उभ्या होत्या. तालुकाध्यक्ष असताना कार्यकर्त्यांना बसायला घेतलेल्या त्या. कार्यकर्ते आता दुसरीकडे बसत.

"जेवलो ना. … भात आन वरन. … वांग्याची भाजी होती, करिष्मा रांधून गेली. … हो, गोळी घेतली. … तू? … बरं. … निकेशराव बरे हायेत? … बरं."

जेवण, गोळी, जावई, इथवर दर रविवारी सुरळीत व्हायचं. पुढे बापलेकीकडे विषय नसायचा. रंजीताची आई होती तोवर ही अडचण कोणाच्या लक्षातच आली नव्हती, कारण फोन तिच्याच हातात असायचा. रंजीता तिकडे माशांसाठी लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेत होती. माशाला लस नेमकी कुठे टोचतात, हा विषय दोन रविवार पुरला. मग ब्राट्टेनबाई सापडल्या.

ब्राट्टेनबाई म्हणजे तिथल्या उजव्या पक्षाच्या अध्यक्ष. त्यांची सगळी कारकीर्द रंजीताने वडलांना हप्त्याहप्त्याने सांगितली होती. एका लहानशा बंदराच्या गावी त्या नगरपालिकेत निवडून आल्या, नगराध्यक्ष झाल्या, राजधानीत गेल्या, मासेमारी खात्याच्या मंत्री झाल्या, पक्षाच्या अध्यक्ष झाल्या आणि पंतप्रधानाच्या खुर्चीपर्यंत जाऊन परत आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा परत आल्या. गुणवंतरावांचा पक्ष वेगळा, देश वेगळा, पण हे परत येणं त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं. बाई कर कमी करा म्हणते असं कळल्यावर, घरपट्टीबद्दल तिचं काय मत आहे, हेही त्यांनी विचारून घेतलं होतं. पानठेल्यावर एकदा त्यांनी तिच्या निवडणुकीचा विषय काढला, तर ठेलेवाल्या बिरजूने ती आपल्या जिल्ह्यातल्या अहेरीकडची का म्हणून विचारलं. तेव्हापासून त्यांनी तो विषय घरातच ठेवला.

मागच्या रविवारी मात्र रंजीताने ब्राट्टेनबाईंना बाजूला ठेवून वेगळंच विचारलं. बाबा, आता एकटे राहू नका, इकडे आमच्याकडे राहायला या. गुणवंतराव म्हणाले, नाही, मी इथेच बरा. पहिल्यांदा असंच म्हणायचं असतं. त्यावर लेक बरं म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ते 'बरं' आठवडाभर गुणवंतरावांच्या मनात सलत होतं. आज ती पुन्हा विचारते की नाही, याच्याकडे त्यांचे कान लागले होते. तिने काढल्या ब्राट्टेनबाई.

"काय म्हनतं? … हरली? … अवं, मीनं म्हनलंच होतं, तिचा प्रचार ढिला होता. … राजीनामा? अध्यक्षपदाचा? … कव्हा देल्ला? … मंग? … मंग घरापुढं कोन गेलं तिच्या? … लोकं वं. कार्यकर्ते. … कोनीच नाई? … फुलं देल्ले. … फुलं कायले? … धन्यवाद म्हनून. … असं."

गुणवंतरावांनी चष्मा काढला, बनियनला पुसला आणि परत लावला. बाईची इतक्या वर्षांची कारकीर्द आणि शेवटी एक गुच्छ. वर टाळ्याही वाजवल्या म्हणे.

"अवं ऐक ना. … ऐक. राजीनामा मंजूर कराले थोडी देतेत कोनी? … काऊन म्हंजे? समजवाले या म्हनून देतेत. … नाई, तसं तोंडानं नाई म्हनत. लोकं पहिल्यांदा येतेत, म्हनतेत मागे घ्या. तव्हा नाई म्हनाचं. दुसऱ्यांदा येतेत, तव्हाबी नाईच म्हनाचं, पन आवाज उलीसा बारीक ठेवाचा. तिसऱ्यांदा म्हनाचं, तुमचा आग्रह मोडवत नाई. … हसतं काय? … तिचंबी तसंच असन. तुले काय मालूम? तू गेलती काय विचाराले? … मंग जाऊन ये ना. … विमानानं जा लागते? … मंग राहू दे. … आता काय करनार म्हनते ते बाई? … बोट घेतली? … नवऱ्यासंगं. … हो काय. … मंग बरी हाय."

तिकडून रंजीताने विचारलं असावं की बाबा, तुम्ही त्या बाईचं एवढं का मनाला लावून घेता. कारण गुणवंतरावांनी घसा साफ केला आणि लेकीला आजवर न सांगितलेली गोष्ट सांगून टाकली.

जिल्हा परिषदेचं तिकीट दुसऱ्याला गेलं, तेव्हा त्यांनी तालुकाध्यक्षपदाचा राजीनामा दिला होता. रंजीता त्या वेळी नागपूरला होस्टेलवर होती. तिला कळवलं होतं, तब्येतीमुळे सोडलं. खरं तर तब्येत ठणठणीत होती. तिच्या आईने त्या दिवशी मोठ्या गंजात चिवडा केला. अंगणात साऱ्या खुर्च्या मांडल्या. गुणवंतराव आतल्या खोलीत जाऊन बसले, कारण अंगणात बसलेला माणूस नाराज दिसत नाही. बाहेर सायकल वाजली की ते चेहरा पाडून घेत. सायकली पुढे जात. दिवेलागणीला पक्षाच्या कार्यालयातला मुखरू आला. पक्षाचा माईक परत न्यायला आला होता. तो चिवडा खाऊन गेला, चांगला झाला म्हणाला. दुसऱ्या दिवशी राजीनामा मंजूर झाला, आणि पक्षाच्या कामात इतकी तत्परता गुणवंतरावांनी आधी कधी पाहिली नव्हती.

"नाई वं, रडत नाई, हसून राह्यलो. … तुह्या मायनं तोच चिवडा पोळ्याच्या सनापरेंत खाऊ घातला मले. … नाई, ते काईच नाई बोलली. एक एक खुर्ची उचलून ठेवली तिनं. … हॅलो? … हाय ना तू? … हो, हाय मी."

तिकडे नळ सुरू होता, तो बंद झाला. मग जो प्रश्न आला, तो ऐकून गुणवंतराव खुर्चीत ताठ झाले.

"तिकडं? … मी? … कायमचा?"

हाच प्रश्न हवा होता. पण तोंड सार्वजनिक जीवनात घडलेलं होतं, ते मालकाला न विचारता बोलून गेलं.

"नाई वं, राहू दे. मी इथीच बरा."

आवाज मात्र बारीक निघाला.

"… बरं? … नाई, नाई, बरं नोको म्हनू. … ठेवू नोको फोन. अवं ऐक ना. … रागावलो नाई. … आत्ताच सांगतलं ना तुले, कसं रायते ते. … त्या बाईचं सोड, मी माह्यं म्हनून राह्यलो. … दोनदा झालं, बाई."

कडुलिंबाखाली पाखरूही नव्हतं. तरी गुणवंतरावांनी एकदा फाटकाकडे पाहून घेतलं.

"तिसऱ्यांदा विचार ना मले."

लाइन चालू होती. श्वास ऐकू येत होता, आणि तो रडल्यासारखा होता की हसल्यासारखा, हे इतक्या लांबून कळायला मार्ग नव्हता. मग तिने विचारलं. गुणवंतरावांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत.

"… हो."

हे इतकं हळू निघालं की पुन्हा म्हणावं लागलं.

"हो म्हनलं. येतो."

आणि त्यांनी लाल बटण दाबून टाकलं. एरवी फोन रंजीताच ठेवायची आणि गुणवंतराव काळा पडदा कानाशी धरून थोडा वेळ बसायचे. पण आज क्षणभर जरी आणखी बोलले असते, तरी सवयीप्रमाणे तोंडातून 'पाहू' निघालं असतं, आणि ती तिकडच्या लोकांसारखी 'बरं' म्हणाली असती.