प्रल्हाद सरांचे चार टायर

मागची मंडळी जरा पुढं सरका. खांबाला टेकलेले तर नक्कीच सरका — खांब देवळाचा भार घेतोय, तुमचा कशाला त्याच्यावर? हां, असं! देवाला हात जोडून झाले, कपाळी बुक्का लागला, टाळ निवले. आता बुवाचं काम एकच. तुम्हाला जागं ठेवायचं!

तर मंडळी, ऐका. आज एक प्रश्न आणलाय. माणसानं आपली चांगली वस्तू कुठं लावावी? चार लोकांची नजर पडते तिथं? की जिथं कुणीच बघत नाही, तिथं?

"कुणी बघत नाही तिथं!" — बघा, काय झटकन बोललात! देवळात बसलं की सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात हो. निघताना आपण चपला आठवणीनं घेऊन जातो, उत्तर मात्र इथंच विसरतो!

आज आख्यानात राजा नाही, ऋषी नाही. आज टायरचं आख्यान! हसू नका. येताना मी बाहेर मोजल्या — तेवीस मोटारसायकली आणि सहा गाड्या उभ्या आहेत. त्यातल्या एका मोटारसायकलवर तर आमचे मृदंगवाले नामाअण्णा आले. अण्णा, तुमच्या मागच्या टायरात अन् माझ्या टकलात काही फरक राहिलेला नाही बरं! वाजवा एक थाप... शाब्बास.

घाटाच्या वरच्या अंगाला एक गाव. तिथं प्रल्हाद मोकाशी नावाचे सर. शाळेत विज्ञान शिकवायचे. नववीला घर्षणाचा धडा असा रंगवायचे की पोरं बाकावरून घसरून दाखवायची! माणूस चांगला. निर्व्यसनी. पण एक हौस होती — लाल गाडी! सोमवार ते शनिवार त्या गाडीनं शाळेत जायचं. शाळा खाणीच्या पलीकडं, रस्ता सगळा खडीचा. आणि रविवारी सकाळी? रविवारी घाट! एकटेच निघायचे, दोन तास वळणांवर गाडी अशी पळवायचे की माकडं कठड्यावरून उठून उभी राहायची!

घरी आई. यमुनाबाई. सत्तरी उलटलेली. आणि तिची थोरली बहीण गोदाक्का, घाटाच्या खाली, दुसऱ्या गावात. गोदाक्काला एक्क्याऐंशीवं लागलं. सहस्रचंद्रदर्शन ठरलं! आयुष्यात हजार पौर्णिमा बघितल्या म्हणून सोहळा. यमुनाबाईनं महिनाभर बसून कापसाच्या हजार वाती वळल्या. तिचं एकच म्हणणं — "ताईला ओवाळायला ह्या माझ्या हातच्याच वाती पाहिजेत. प्रल्हादा, मला वेळेवर नेशील ना रे?"

"आई, तू गाडीत बस फक्त!"

पण टायर गेले होते झिजून. सर गेले नाक्यावर गफूरभाई मुलाण्यांच्या दुकानी. गफूरभाईंनी चहा सांगितला आणि विचारलं, "सर, गाडी चालवता कशी? रोजची किती, हौसेची किती?"

"रोजची खडीवर. हौसेची रविवारी, दोन तास."

"मग सोमवारचा टायर घ्या, जो रविवारीबी चालेल."

"छे! मला रविवारचा पाहिजे! मऊ रबराचा, रस्त्याला चिकटणारा!"

"सर, त्यो खडीवर टिकणार न्हाई. दगडं त्येला कुरतडून खातील."

बघा मंडळी! सहा दिवसांची गाडी आणि दोन तासांचा टायर! सरांना हसताय? आपण काय वेगळं करतो? एकादशीला तोंडात अखंड नाम, साबुदाण्याची कढई भरून वर — आणि द्वादशीला सकाळी सकाळी सुनेच्या नावानं शंख! ही रविवारची भक्ती, खडीवर टिकेल का? नाही टिकत, बुवाचीसुद्धा नाही टिकत. आमच्या घरी विचारा.

तर सरांनी रविवारचेच घेतले. महाग निघाले, म्हणून दोनच घेतले. गफूरभाई म्हणाले, "दोनच घेताय तर मागं लावू. पुढचा घसरला तर ष्टेरिंगवर समजतं, माणूस सावरतो. मागचा घसरला तर समजंपातूर खेळ खलास."

सर हसले! "गफूरभाई, घर्षण मी शिकवतो. आणि हार आपण गाडीला पुढं घालतो, नारळ पुढं फोडतो, लिंबू पुढच्या चाकाखाली ठेवतो — मग नवीन टायर मागं लावून दाखवू कुणाला?"

ऐकलंत? दाखवू कुणाला! गाडीला दोन डोळे पुढं, म्हणून सगळी पूजा पुढं. मागच्या चाकाला कुणी कधी कुंकू लावलेलं बघितलंय? गफूरभाईंनी मान हलवली आणि गिऱ्हाइकाच्या मनासारखं केलं. नवे काळे कुळकुळीत दोन पुढं, जुने गुळगुळीत दोन मागं.

सोहळ्याचा दिवस उजाडला. सरांची बायको-मुलं आदल्या दिवशीच पुढं गेलेली. गाडीत दोघंच. पुढच्या सीटवर गोदाक्काला द्यायची पितळी समई — पट्ट्यानं नीट बांधलेली! आणि आई? आई मागं. मांडीवर वातींचा डबा.

घाट लागला. सर रंगात आले. "बघ आई, कशी धरतीय गाडी वळणाला!" खरंच धरत होती हो — पुढून! आई म्हणाली, "जरा हळू, बाळा." सर म्हणाले, "नवीन टायर आहेत!" आईनं डबा मांडीवर सावरला. लेकावर विश्वास ना!

पाचवं वळण. तिथं डोंगरातून झरा येतो, बारा महिने रस्त्यावरून पाणी वाहतं. त्यात समोर आडवी आली म्हैस! सरांनी दाबला ब्रेक. पुढच्या चाकांनी रस्ता धरला घट्ट — आणि मागची? मागची चाकं म्हणाली, तुम्ही थांबा, आम्ही निघालो! गर्रकन गाडी फिरली, कठड्याला मागून घासली आणि थांबली. तोंड घराकडं, पाठ मावशीकडं! म्हैस बघत उभी. समई जागच्या जागी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, देवाची कृपा.

पण डबा उघडला होता. हजार वाती गाडीभर.

  सर वळून बघतात तर आई वाती गोळा करतेय. एक एक. शेवटची डब्यात टाकली, झाकण लावलं आणि म्हणाली, "दार उघड."

"आई, थोडंसंच घसरलं गं..."

"प्रल्हादा, तुझ्या हातात ष्टेरिंग होतं. धरायला काहीतरी होतं. माझ्या हातात डबा होता रे."

 घर्षणाच्या धड्यात याचं उत्तर नाही.

वरून एसटी आली. यमुनाबाईनं हात केला, चढली, खिडकीत बसली. सरांनी गाडी वळवली आणि एसटीच्या मागं मागं, पंधराच्या वेगानं, सबंध घाट उतरले. एसटीतली पोरं मागच्या काचेतून हात हलवतायत! माकडंसुद्धा बसूनच राहिली.

वाती पोचल्या, ओवाळणं झालं, दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या. परतताना सरांनी दार उघडून धरलं. आई म्हणाली, "एसटी आहे साडेचारची." त्यानंतर महिना गेला, दोन गेले. बाजाराला जायचं — आई चालत. देवळात — चालत. ना राग, ना अबोला. जेवायला वाढायची, डोक्यावरून हात फिरवायची, पण गाडीत? नाही. सरांना रविवारचा घाट कडू लागायला लागला. मऊ टायरही खडीनं कुरतडून ठेवले होते.

शेवटी गेले नाक्यावर. "गफूरभाई, मी चुकलो. आईनं परत बसावं असं काहीतरी करा."

गफूरभाईंनी तळहात पुढं केला. "सर, एक टायर रस्त्याला टेकतो किती? एवढा. तळहाताएवढा. असे चार तळहात. त्यावर गाडी, तुम्ही अन् अम्मा. मग दोन चांगले, दोन वाईट असं कसं चालंल?"

मंडळी, ह्यावर मला एक ओवी सुचली. माझीच आहे, वेडीवाकडी, पण अण्णा, ठेका धरा —

चार तळहात रबराचे । त्यांवरी घरदार जिवाचे ।
मोल राख मागच्यांचे । सारथीबाबा ॥

चारही बदलले. एकाच जातीचे, खोल खाचांचे. रबर ना फार मऊ, ना फार कडक. सोमवारी खडी सोसेल, रविवारी वळण धरेल, पाणी आलं तर खाचांतून बाहेर फेकेल. हौस सोडा असं गफूरभाई म्हणाले नाहीत हं! म्हणाले, "रविवारी चालवा खुशाल, तुमच्या लेनीत अन् बेतानं. टायर चांगला म्हंजी म्हैस आडवी येणार न्हाई असं न्हाई!"

सर घरी येऊन काही बोलले नाहीत. पण यमुनाबाईला गाडीचा आवाज बदललेला कळला. ती काय करते? गुपचूप चालत नाक्यावर! "गफूर, पोराला विचारलं तर तो मला धडा शिकवंल. तू सांग. तुझ्या आईला बसवशील का त्या गाडीत?"

गफूरभाई म्हणाले, "बसवीन, अम्मा. मागच्या शिटावर."

पुढच्या आठवड्यात गोदाक्काचा निरोप आला, ये म्हणून. सर बिचारे एसटीचं वेळापत्रक बघायला लागले. आई पिशवी घेऊन आली आणि गाडीत मागं जाऊन बसली!  सरांनी वेळापत्रक टाकलं आणि किल्ली उचलली.

घाट. पहिलं वळण. दुसरं. सरांचे कान मागं. पाचवं वळण आलं — झरा, पाणी! सरांनी आधीच वेग कमी केला, गाडी पाण्यातून गेली, मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग शिस्तीत. पण मागून कसली तरी घरघर ऐकू आली! सर घाबरले. आई भ्याली की काय? आरशात बघतात —

आई झोपली होती! तोंड उघडं, मान कलंडलेली, आणि घोरतेय — खर्र... खर्र!

मंडळी, इतकी वर्षं घाटात गाडी पळवली, पण असं बक्षीस त्या माणसाला कधी मिळालं नव्हतं. डोळे पुसत, ते घोरणं मोडू नये म्हणून खड्डे चुकवत, प्रल्हाद सर घाट उतरले.

आता तुमच्याकडं वळतो. सुटका नाही! देव प्रसन्न झाला हे कसं ओळखायचं, असं मला लोक विचारतात. फूल पडलं का उजवीकडं? दिवा हलला का? अहो, फूल राहू द्या! घरी जा आणि बघा — तुमच्या भरवशावर कुणी निर्धास्त झोपतं का? तुमची आई? तुमची बायको? तुमची सून? की तुमचा आवाज ऐकला की डबा घट्ट धरून बसतात सगळी?

जिच्या डोळ्याला तुमच्यामुळं झोप लागली, तिच्या शेजारी तो विठोबा विटेवरून उतरून बसलेला असतो, एवढं नक्की. हात वर करा, टाळ उचला, त्याच्या नावाचा एकदा दणकून गजर करा —

पण सावकाश! कडेला ते कुणाचं तरी लेकरू झोपलंय आईच्या मांडीवर. हळू म्हणा. विठ्ठल... विठ्ठल...