रविवारचा मोरचंग

परक्यांच्या बोलण्याकडे कान देण्याची माझी रीत नाही. परंतु बिश्केकच्या त्या दवाखान्यात दंतवैद्याच्या खोलीतून उपेलकान बाहेर आली आणि तिच्या धाकट्या बहिणीने, बातमाने, तिला बसूही दिले नाही.

"ताई, सुजलेली हिरडी कापली?"

"कापली. पण सुरी नाही, टाके नाहीत. लेझरने. रक्त नावालाच."

"मग रविवारी नातीच्या लग्नात मोरचंग वाजवता येईल?"

"तेच आधी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच दिवसांत भरेल, खुशाल दातांना टेकवून वाजवा."

"अल्लाची कृपा! मी तर तुझ्याऐवजी वाजवायला तुझ्या जावेला सांगून ठेवलं होतं."

"तिला? पुढचे दात आहेत का तिला?"

"एकच आहे. म्हणून तर सकाळपासून दुआ मागत बसलेय!"