बुटक्याचा नवस

नाही, तुम्ही मला आधी एवढंच सांगा, ड्रॅगन काय वाईट होता हो? चांगला तोंडातून जाळ काढणारा, परदेशी, ना त्याचं देऊळ आपल्या गावात, ना त्याची जत्रा, ना त्याला आपलं आडनाव माहीत! मेला तर मेला, जगला तर जगला, घरी येऊन जाब कोण विचारतंय? पण नाही! आमच्या दीप्तीला, म्हणजे माझ्या मुलीला, खेळात आपले देव पाहिजे होते... आणि त्यापायी आज हा काळुराम भोईर, कोलशेतचा सुक्या मासळीचा व्यापारी, आजूबाजूला सोड्यांच्या गोणी आणि बोंबलाच्या माळा, आणि मध्ये बसून डब्यातून काय खातोय? दुधी! हसू नका. तुम्हाला सांगतो, खेळात ड्रॅगन घ्या, राक्षस घ्या, चेटकीण घ्या... ओळखीचा देव घेऊ नका!

आता खेळ कसला, तर पट नाही, पत्ते नाहीत, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. 'मी दार उघडतो.' 'उघड, पण आधी फासा टाक.' फासा पण कसा, वीस तोंडांचा! वीस पडला की सोनं, एक पडला की सत्यानाश. दर रविवारी दुपारी आमच्या दुकानाच्या माळ्यावर हा कारभार. खाली जवळा, वर जादूगार! गोष्ट सांगणार दीप्ती, आणि खेळणारे तिचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यातला रत्नदीप येतो दिव्याहून, लोकलनं. ज्या रविवारी त्याच्या बिल्डिंगला पाणी नसतं त्या रविवारी तो जरा लवकरच येतो, आमच्याकडे आंघोळ उरकतो आणि मग जादूगार होऊन बसतो. कॉलेजपासून तोच जादूगार, बरं का. पोरानं नोकऱ्या बदलल्या, मोबाईल बदलले, जादूगार नाही बदलला.

तर ड्रॅगनचा कंटाळा आला म्हणून दीप्तीनं नवीन गोष्ट रचली, आपल्या खाडीतली. त्यात वेताळ, म्हसोबा, विहिरीतल्या साती आसरा, गावदेवी, सगळे! आणि विचारायला कोणाकडे येणार? माझ्याकडे! 'बाबा, आसरा पाण्यातून वर आल्या की आधी काय करतात?' म्हटलं, आधी हाक मारतात, आणि ओ द्यायची नसते. 'वेताळाची पालखी दिसली तर?' म्हटलं, खाली बघायचं आणि बाजूला व्हायचं. ती डोळे मोठे करून ऐकायची हो! आता तुमच्यापासून काय लपवायचं, या पोरीला माझ्याकडचं दुसरं काही नको होतं. दुकान तर नकोच. 'बाबा, कपड्यांना वास येतो.' अगं, त्याच वासावर शिकलीस ना? पण देवांचं मात्र पाहिजे होतं. म्हणून मी सांगत गेलो, सांगत गेलो... तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. ओळखीचा देव खेळात घेऊ नका!

मग एका रविवारी त्यांच्यातला नयन आला नाही, डोंबिवलीला मावसबहिणीची हळद. आता हळद आहे म्हटल्यावर तो येणार कसा, आपल्यात माणूस एक वेळ लग्न चुकवेल! दीप्ती खाली आली. 'बाबा, या ना, नयनचा बुटका योद्धा तुम्ही चालवा.' दाढी पोटापर्यंत, हातात कुऱ्हाड, आणि नाव असं की उच्चारताना दात हलतात. बसलो. पहिल्याच वळणावर राक्षस आडवा. बाकीचे लागले ओरडायला, 'काका, मारा! मारा!' अरे, मारा काय? गिऱ्हाईक आहे ते! मी विचारलं, राक्षसाच्या घरी कोण कोण असतं, जेवायला काय करतात, पावसाळ्याची बेगमी झाली का... आणि त्याला बोंबील विकला. वर पिशवी त्याचीच! दीप्ती कपाळाला हात लावून म्हणते, 'बाबा, असं आजपर्यंत कोणी केलं नव्हतं.' मी कॉलर ताठ करून बसलो. तीच नडली.

कारण पुढे आली विहीर. आतून हाक आली. आणि रत्नदीपनं, त्या शहाण्यानं, ओ दिली! अरे, मी पोरीला काय सांगितलेलं? पण त्याला कुठून माहीत असणार, आसरांनी धरला जादूगाराचा पाय आणि ओढला आत. 'फासा टाक.' टाकला. एक! माळ्यावर असं सुतक पसरलं म्हणता... रत्नदीप त्या फाशाकडे बघत राहिला. एवढा मोठा घोडा, पण चेहरा असा, की जत्रेत हात सुटलेलं लेकरू. म्हटलं, दीप्ती, काहीतरी कर. तर ती डोळे मिटून, आवाज घोगरा करून म्हणते, 'आता फक्त गावदेवी वाचवू शकते. बोल, तिला काय देशील?'

म्हटलं, नारळ. 'नारळ सगळेच देतात.' बरं, ओटी भरतो. 'ओटी तर दरवर्षी येते.' साडी? 'तुझ्या जिवाला लागेल असं बोल!' मी धंद्यातला माणूस, समोरचा भाव सोडत नाही म्हटल्यावर मला चढतं. उठलो. चपला काढल्या. खिडकीतून पिंपळाखालचं आमच्या गावदेवीचं देऊळ दिसतं, तिकडे तोंड केलं, हात जोडले आणि म्हटलं, 'आई जरीमरी, मी काळुराम गोविंदा भोईर, राहणार कोलशेत, देवळामागची आळी. पोराला वर काढ, वर्षभर मासळी तोंडाला लावणार नाही. ओली नाही आणि सुकी पण नाही!'

आता तुम्ही म्हणाल, बुटक्याचं नाव का नाही घेतलंस? सवय हो! व्यवहार म्हटला की मी पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, आळी सगळं सांगतो. अर्धवट नावावर आजवर कोणाला मी माल दिला नाही की कोणाचा घेतला नाही. तोंडाला वळणच तसं पडलंय, काय करणार?

फासा टाकला... वीस! पोरं नाचायला लागली, रत्नदीपनं मला उचललंच, 'काका, वाचला! वाचला!' आणि एवढ्यात जिन्यातून आवाज आला... ताट ठेवल्याचा. आमची शालू! बायको माझी. चहा आणि तळलेली मांदेली घेऊन वर येत होती, सगळं ऐकलेलं. तिनं चहा वर ठेवला, मांदेलीचं ताट उचललं, आणि ते घेऊन परत खाली निघाली.

म्हटलं, अगं, खेळ होता तो! 'खेल तुमचा. देवी कोनाची?' अगं, नवस बुटक्याचा आहे! 'नाव कोनाचं घेतलाव?' ...आता यावर बोला! बरं, म्हटलं, खोटा फासा, प्लास्टिकचा! तर म्हणते, 'मंग ईस कोनी पारला? तुमी?' वीस कोणी पाडला, म्हणे!

वकील व्हायला पाहिजे होती.

मी रत्नदीपकडे बघितलं. म्हटलं, हा तरी आपल्या बाजूचा, याच्या घरी नवसबिवस कोणी करत नाही. तर तो शांतपणे म्हणतो, 'काका, माझा देवावर विश्वास नाही आणि नवसावर पण नाही. पण शब्द दिलात ना तुम्ही? आणि जादूगार वाचला ना?' म्हणजे मानणारी सोडत नाही आणि न मानणारा तिच्यापेक्षा कडक!

अहो, पण माझा धंदा जिभेवरचा! सोडे चिमटीत धरून दाताखाली घेतल्याशिवाय मीठ किती मारलंय, ऊन किती लागलंय, कसं कळणार? गिऱ्हाईक विचारतं, 'शेठ, सुकट कशी आहे?' आणि मी काय सांगू, दिसायला बरी आहे? नवसाचं ऐकून आमचा उरणवाला घाऊक व्यापारी माल घेऊन आला, मला वास घेताना बघून गालात हसला. हसला! त्याच दिवशी मी विठ्ठल भगताकडे गेलो. म्हटलं, कौल लावा, आईला विचारा, खेळातल्या नवसातून मोकळं करते का. भगत म्हणतात, 'कंचा खेल? पत्त्यांचा?' त्यांना वीस तोंडांचा फासा समजावता समजावता गुरव घरी जाऊन जेवून आला. शेवटी देवळात लावल्या मूर्तीला पाकळ्या. उजवी पडली तर मोकळा, डावी पडली तर बांधलेला. घरची सगळी मागे उभी, रत्नदीप पण, त्याला म्हणे बघायचं होतं. मी सुरू केलं, 'आई, तो नवस माझा नव्हता, दाढीवाल्या एका...' बोलणं पुरं व्हायच्या आत टप्प! डावी. आणि रत्नदीप मागून कानात म्हणतो, 'काका... एक पडला.'

म्हणून म्हणतो, ओळखीचा देव! आपल्याला लहानपणापासून बघितलेलं असतं त्यांनी. थापा चालत नाहीत.

मग काय, जीभ लागणारच ना दुकानाला? दीप्ती बसायला लागली. शनिवारी माल येतो, ती चाखते, मी समोर बसून तिचा चेहरा वाचतो. पहिल्या शनिवारी थुंकली. पुढे पुढे म्हणायला लागली, 'बाबा, हा बोंबील पावसाच्या भीतीनं घाईत काढलाय.' बरोब्बर! उरणवाल्याचं हसू गेलं. आणि गिऱ्हाइकाला सांगते कशी, खेळातल्या गोष्टीसारखी! 'काकू, हे सोडे म्हणजे...' की काकू पर्स उघडून ऐकतायत. वासाचं नाव नाही आता. मला आतून एवढं बरं वाटतं म्हणून सांगू... पण ते गोड मानून घ्यायला सोबत एक बोंबील तरी पाहिजे की नको?

म्हणून मी एक वाट काढली. नयन आला तरी बुटका मी सोडला नाही. नवस माझा आहे ना? बुटक्याचा तर नाही! दर रविवारी मी त्याला खानावळीत बसवतो आणि दीप्तीला म्हणतो, वाढ. पोरगी सांगते, 'बाबा, तवा तापलाय, भरलेलं पापलेट, हिरवी चटणी कडेनं बाहेर आलीय, सोबत तांदळाची भाकरी...' मी डोळे मिटून बसतो. मांडीवर दुधीचा डबा. आठवड्यातलं तेवढंच माझं जेवण.

आणि परवा, बुटक्यानं घास घेतला आणि दीप्ती म्हणाली, 'फासा टाका.' आता जेवायला कसला फासा? टाकला... एक! काटा घशात अडकला! बुटका निळा पडतोय, पोरं ओरडतायत, 'काका, नवस बोला! लवकर नवस बोला!' मी हात जोडले, खिडकीकडे वळलो, तोंड उघडलं... आणि जिन्यातून शालूचा आवाज, 'बोला, बोला. कोंबरी पन हाय अजून सोरायची.' कोंबडी सोडायची? मी जोडलेले हात सोडले.

मेला बिचारा बुटका. चांगला होता.