सखाहरी आमदारांची सही

मंडळी, बसा! मागचे पुढं सरका, मी काही चावत नाही! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. चूक आपल्या हातून झाली, कुणाला कळली नाही, कळणारही नाही — तर ती आपण होऊन चारचौघांत सांगायची का? काय हो काका? मान हलली, पण ती होय म्हणून की डुलकी लागली म्हणून?

ऐका तर मग. डोंगरपट्ट्यातला एक आमदार, सखाहरी उघडे. हां हां, नाक मुरडू नका! हा माणूस आधी मलेरियाचा कर्मचारी होता. खांद्याला पिशवी, पाड्यापाड्यानं पायी हिंडायचं — "ताप आलाय का कुणाला, ताप?" — बोटाला सुई टोचायची, काचेवर रक्त घ्यायचं, भिंतीवर तारीख लिहायची की निघाला पुढं. चौदा वर्षं! लोकांनी त्याला आधी सरपंच केलं, मग तीनदा आमदार.

आणि विधानसभेत हा बोलायचा काय? "अध्यक्ष महाराज!" — तिथं अध्यक्षांना महाराज म्हणतात बरं का, आणि इथं मला. दोघांचंही कुणी ऐकत नाही! — "अध्यक्ष महाराज, दवाखान्यांच्या इमारती पुरे झाल्या, आत माणूस ठेवा! डोंगरातल्या प्रत्येक उपकेंद्रात नर्स राहिली पाहिजे. तिला धड खोली द्या, पाणी द्या. आणि दुसरी हजर झाल्याशिवाय पहिलीला सोडू नका!" पंधरा वर्षं हेच पालुपद. बाकीचे म्हणायचे, उघडे उठले, चला चहा घेऊन येऊ.

आता अशा माणसाची चूक काय असणार? तुमच्या मनात काय येतंय ते दिसतंय मला. तसलं काही नाही! पाड्यावरचा माणूस दिवसभर चालून तालुक्याला यायचा, आमदाराचं पत्र मागायला. आणि आमदार अधिवेशनाला मुंबईत. बिचारा हात हलवत परत! सखाहरीच्या जिवाला लागायचं ते. म्हणून त्यानं कोऱ्या लेटरहेडवर खाली सह्या करून गठ्ठाच्या गठ्ठा पीएकडं देऊन ठेवला. "गुंजाळ, रेशनकार्ड असो, दाखला असो, वर मजकूर लिही आणि देऊन टाक. माणूस रिकामा जाता कामा नये!" चांगल्या मनानं केलं हो, अगदी चांगल्या मनानं.

मग काय झालं? ऐन पावसाळ्यात करंजपाड्यावर सोमी नावाची पोर अडली. पहिलं बाळंतपण. उपकेंद्र हाकेच्या अंतरावर — पण दाराला कुलूप! नर्सबाईची बदली होऊन तीन आठवडे झालेले, दुसरीचा पत्ता नाही. चार जणांनी सोमीला डोलीत घातलं, खाली आणलं, आणि ओढ्याचं पाणी उतरायची वाट बघत दोन तास काठावर बसले. सोमी वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

सखाहरीचं डोकंच फिरलं! त्यानं विधानसभेत प्रश्न लावला — करंजपाड्याच्या नर्सची बदली कुणाच्या शिफारशीवरून केली? नाव सांगा! पेपरात छापून आलं. लोक म्हणाले, आता कुणाची तरी खुर्ची जाते बघा.

उत्तराच्या आदल्या दिवशी आरोग्यमंत्र्यांनी त्याला दालनात बोलावलं आणि एक कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं — 'सन्माननीय सदस्य श्री. सखाहरी उघडे यांच्याच शिफारशीवरून.' सोबत पत्र जोडलेलं. अक्षर गुंजाळचं, सही ह्याची!

मंत्री म्हणाले, "उघडे, प्रश्न मागं घ्या. मी विसरतो, तुम्ही विसरा. निवडणूक चार महिन्यांवर आलीय, घरी बसाल." ह्यानं तिथूनच गुंजाळला फोन लावला. "कुणी नेलं रे हे पत्र?"

"साहेब, नर्सबाईचे मामा आले होते. पोरगी रानात एकटी राहते म्हणून रडत होते. तुम्हीच म्हणालात ना, रिकामं पाठवू नको!"

सांगा बरं, तुम्ही काय केलं असतं? गळ्यात माळ आहे, खोटं बोलू नका! प्रश्न मागं घेतला असता आणि घरी येऊन गुंजाळला हाकललं असतं.

दुसऱ्या दिवशी सखाहरी सभागृहात उठला. "अध्यक्ष महाराज, उत्तर मीच वाचतो." वाचलं. सगळे हसले — इकडचीही बाकं, तिकडचीही! त्यानं हसू दिलं. मग म्हणाला, "एक लेकरू गेलंय माझ्या सहीनं. खाली सही करायची आणि वर काय लिहिलं ते बघायचं नाही, हे मी वर्षानुवर्षं केलं. हसा, पण आपापल्या कार्यालयातले गठ्ठेही बघून घ्या." हसणं थांबलं. मागून एक जण ओरडला, "पत्र मागायला कोण आलं होतं? नाव घ्या!"

"नाव घेणार नाही. तो घरच्या काळजीनं आला होता. सही माझी आहे."

निवडणुकीत पडला. विरोधकांनी तेच भाषण गावोगाव कर्ण्यावर वाजवलं! पण त्याच अधिवेशनात आदेश निघाला होता — डोंगरपट्ट्यात दुसरी नर्स हजर झाल्याशिवाय पहिली हलणार नाही. करंजपाड्याला नर्स आली. अजून आहे.

निकालानंतर सखाहरी पायी सोमीकडं गेला. दारात हात जोडून उभा राहिला. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "सायब, सही करनारा आला. पन पत्र न्यायला आलता त्यो मामा कुटं हाय? त्याला ठावं तरी हाय का, माजी पोर गेली ते?"

वीणेकरी, जरा थांबा.

मंडळी, त्या मामाला ठाऊक होतं. पेपरात वाचलं होतं त्यानं. सहा वर्षं झाली, तो गावोगाव उभा राहून लोकांना पापपुण्य सांगतो, पण करंजपाड्याच्या वाटेला फिरकला नाही. सोमीचे हे शब्द सखाहरीनं त्याला परवा सांगितले, खाली मान घालून. तो मामा मी आहे.

कुजबुजू नका, ऐका. माझी भाची एकटी होती, घाबरत होती, ते खरंच होतं. पण तिच्या सोबतीला दुसरी बाई द्या, असं मला मागता आलं असतं. मी म्हणालो, तिला तिथून काढा. तिच्यामागं तिथं कोण राहतं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही!

तुमच्याही घरात कुणाचं ना कुणाचं असं काम झालेलं आहे. बदली असेल, नंबर वर सरकलेला असेल. त्या दिवशी कुणाच्या तोंडावर दार लागलं, याचा शोध घ्या. सापडलं तर जा.

मी उद्या सकाळी करंजपाड्याला निघतोय. सोमी पाणी देईल की हाकलून लावेल, मला माहीत नाही. आरती तुमची तुम्ही म्हणा. आणि आज माझ्या पाया पडायला कुणीही येऊ नका.