पहिल्या नंबरचं बाळसं

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, सरपंच चंदाबाई. सत्कारमूर्ती, सोळा वर्षं आपल्या आरोग्य केंद्रात असलेले डॉक्टर बाळाजी मोकल साहेब. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टर रुचिका मॅडम आणि माझ्या गाववाल्यांनो, सर्वांना नमस्कार.

मी केसर, अंगणवाडी सेविका. साहेबांबद्दल दोन गोड शब्द बोलावेत, अशी मला सूचना आहे. म्हणून एक आठवण सांगते.

चार वर्षांपूर्वी इथेच गुटगुटीत बालक स्पर्धा झाली. शिवानीची आठ महिन्यांची अमिषा पहिली आली. गोल गरगरीत तोंड, लालबुंद गाल! साहेबांनी तिला कडेवर घेऊन फोटो काढला. टाळ्या मीही वाजवल्या, लपवत नाही.

शिवानी मात्र तिथेच म्हणाली, की पोरीचं वजन वाढतंय, पण लांबी तीन महिने तेवढीच आहे, पाठीवर केसही आलेत. माझ्या नोंदवहीत तेच होतं. मी वही साहेबांपुढे ठेवली. साहेब किती तत्पर! लगेच मला मोजायला नवी टेप मंजूर केली.

शिवानी पुन्हा तीनदा गेली. साहेबांनी धीर दिला, "अगं, पोरं सुकली म्हणून आया रडतात. तू बाळसं धरलं म्हणून रडतेस?"

शेवटी शिवानी पोरीला घेऊन निघाली, दिघीहून बोटीने आगरदांडा आणि तिथून अलिबाग. मी सोबत होते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी अमिषाच्या एवढ्याशा दंडावर रक्तदाब मोजला, तो भलताच चढलेला, आणि म्हणाले, "हे बाळसं नाही, आजार आहे."

मुंबईत कळलं, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ झालेली. ती नको तेवढं हार्मोन सोडत होती. त्यानेच अंग फुगलं आणि उंची अडली. नाकावाटे शस्त्रक्रिया ठरली. कागदावर सही करून शिवानीने मला विचारलं, "केसरताई, हिचं खरं तोंड कसं असेल गं?"

आईने लेकीचं तोंड पाहिलंच नव्हतं, बघा.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी सूज उतरली आणि आईसारखी टोकदार हनुवटी दिसली. आज अमिषा माझ्याच अंगणवाडीत आहे. रोज गोळ्या लागतात. उंचीत मागे आहे, भांडणात पुढे.

साहेबांच्या मानपत्रात 'बालकांची दक्ष तपासणी' असं छापलंय. वाचून मला गहिवरून आलं.

रुचिका मॅडम, आपलं स्वागत. एकच विनंती, आई काही सांगायला आली तर आधी तिला बसायला खुर्ची द्या.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर साहेबांनी पोटात घालावं. आम्ही सोळा वर्षं तेच केलंय.